साऱ्या रागांचा बिलावल

सीमाभागात राहणाऱ्या माणसाला अक्षरांचे हाल नवे नाहीत. निपाणीहून बेळगावला जाताना रस्त्याच्या दोन्ही अंगांना जे फ्लेक्सचे फलक लागतात, त्यांपैकी एखाद्यावर तरी 'हार्दिक' या शब्दातला रफार खाली उतरून तिथे पाय मोडलेला र उभा असतो आणि 'दि'ची वेलांटी उडी मारून शेजारच्या 'क'च्या डोक्यावर बसलेली असते. आपण पाहतो, हसतो आणि पुढे जातो. अभिनंदन कोणाचे आहे हे फोटोवरून समजतेच. शुद्धलेखनावाचून कोणाचे अडत नाही.

परंतु अक्षरांचा एक प्रकार असा आहे की, तिथे खालची एक बारीक आडवी रेघ गळाली तर अर्थाचा अनर्थ होतो, आणि तो अनर्थ कानाखेरीज कोणालाही कळत नाही. तो प्रकार म्हणजे स्वरलिपी. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या पद्धतीत कोमल स्वराखाली आडवी रेघ असते आणि तीव्र मध्यमाच्या डोक्यावर उभी रेघ असते. भैरवातील रिषभ-धैवतांखालच्या रेघा पुसा, बिलावलाचे सप्तक उरते. यमनातील मध्यमावरची उभी रेघ पुसा, तरी बिलावलच. तोडीच्या चारही खुणा पुसा, पुन्हा बिलावल! दहा थाटांचा संसार एका बिलावलात आटोपतो.

हे मी विनोदाने लिहीत नाही. माझे वडील विलीनीकरणापूर्वीच्या अखेरच्या काळात, मिसरूड फुटण्याच्या वयात, एका लहान संस्थानच्या दरबारी गायकांत नोकरीस होते. दरबार गेला, पण त्यांनी उतरून घेतलेल्या चिजांच्या पाच वह्या राहिल्या. शाई आता तपकिरी झाली आहे आणि कडेचे कागद हात लावताच तुटतात. त्या वह्या छापून विद्यार्थ्यांच्या हाती द्याव्यात, या हेतूने मी त्या निपाणीच्या एका मुद्रणालयात नेल्या. पहिल्या आठ पानांचे प्रूफ आले. भैरवातील एक चीज मी एका विद्यार्थिनीला वाचून गायला सांगितली. तिने कागदाशी इमान राखून, शुद्ध रिषभ लावून ती गायिली. कागदावर कोमलाची एकही रेघ नव्हती.

मुद्रणालयाचे मालक अण्णा सज्जन गृहस्थ. त्यांनी पडदा माझ्याकडे वळवून दाखवला. "मास्तर, हितं तर सगळं बरोबर दिसतंय की!" आणि ते खरेच होते. मजकूर टाईप केला होता तिथे रेघा होत्या. पानाची मांडणी करण्याच्या दुसऱ्या कार्यक्रमात तो नेला तेव्हा त्या नाहीशा झाल्या. कारण मुलाने कोमलाची खूण म्हणून शब्दाखाली रेघ मारण्याची साधी सोय वापरली होती. ती रेघ अक्षराचा भाग नव्हे, ती अक्षराला घातलेली झूल. अक्षर एका घरातून दुसऱ्या घरात गेले, झूल दाराशीच गळून पडली. तीव्र मध्यमाची तऱ्हा याहून विलक्षण. ती उभी रेघ हाताने काढून मध्यमावर ठेवली होती. पुढे वरच्या ओळीत एक शब्द वाढला, मजकूर सरकला, रेघ मात्र जागच्या जागी राहिली आणि पंचमाच्या डोक्यावर जाऊन बसली. तीव्र पंचम ऐकण्याचा योग आमच्या घराण्यात त्यापूर्वी कोणास आला नव्हता.

खिळ्यांच्या काळात या गोष्टी कष्टाच्या होत्या, पण खात्रीच्या होत्या. आपल्या कुरुंदवाडचे सुपुत्र पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी १९०१ साली लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढले आणि पुढे संगीताची पुस्तके छापण्यासाठी स्वतःचा छापखानाही उभारला. भातखंडे यांची क्रमिक पुस्तक मालिका सहा भागांत मराठीतून निघाली. त्या वेळी जुळाऱ्याला प्रत्येक रेघ, प्रत्येक टिंब धातूच्या तुकड्याने बसवावे लागे. बसवलेला तुकडा मात्र आपण होऊन दुसऱ्या स्वरावर जात नसे.

संगणकावर असे का व्हावे, याचा शोध मी घेतला तो तंबोरा लावताना घेतो त्याच रीतीने. चारही तारा एकदम पिळल्या तर कोणती उतरली होती हे कधीच कळत नाही. एकेक तार निराळी छेडावी. इथेही चार तारा आहेत.

पहिली तार फॉन्टची. आपल्या छापखान्यांत वर्षानुवर्षे जे मराठी फॉन्ट वापरले गेले, त्यांत बहुधा रोमन अक्षराच्या जागी देवनागरी आकार बसवलेला असतो. संगणकाच्या लेखी ते इंग्रजीच. फक्त वेष मराठी. तो फॉन्ट नसलेल्या यंत्रावर फाईल उघडली की वेष उतरतो आणि रोमन अक्षरांचा कचरा दिसतो. पेजमेकर हा मांडणीचा कार्यक्रम १९८५ साली आला. २००१ साली त्याची अखेरची, सातवी आवृत्ती निघाली, आणि तोवर त्यात युनिकोडची सोय झालीच नाही. तरीही हाताला बसलेली सवय म्हणून तो पुढे किती तरी वर्षे चालत राहिला. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ सालची. तीत देवनागरीला आणि कन्नडला स्वतंत्र, प्रत्येकी १२८ जागांचे घर आहे. तिथे क तो कच असतो, बेळगावात असो की बोस्टनमध्ये. तेव्हा पहिला प्रश्न हाच विचारावा: मजकूर युनिकोडमध्ये आहे काय? नसेल, तर पुढची खटपट व्यर्थ.

दुसरी तार जुळणीची. देवनागरी अक्षरे एकापुढे एक ठेवून भागत नाही. वेलांटी मागे न्यावी लागते, रफार वर चढवावा लागतो, जोडाक्षर घडवावे लागते. हे काम कार्यक्रमाच्या आत बसलेला जुळारी करतो. काही परदेशी कार्यक्रमांत हा जुळारी असतो, पण त्याला हाक मारावी लागते. इनडिझाइनमध्ये भारतीय लिपींची सोय २०१२ सालच्या सी.एस. ६ या आवृत्तीपासून आली. तिथे परिच्छेदाला 'वर्ल्ड-रेडी कंपोझर' लावला की फुटलेली जोडाक्षरे सांधतात. फलकावरच्या त्या 'हार्दिक'चे दुखणे बहुतेक वेळा एवढेच असते. इंकस्केप या विनामूल्य चित्रण-कार्यक्रमात ही हाकही मारावी लागत नाही. तिथला जुळारी आपण होऊन कामाला लागतो.

तिसरी तार भाषेची. लिपी देवनागरी आहे एवढे सांगून पुरत नाही. भाषा मराठी आहे हेही सांगावे लागते. मराठीचा पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श हे हिंदी वळणाहून निराळे. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने वर्णमालेची आणि या वळणांची निश्चिती केली. चांगल्या फॉन्टात दोन्ही वळणे असतात, पण भाषेच्या रकान्यात 'मराठी' निवडल्याशिवाय आपले वळण बाहेर येत नाही. तसाच तो अर्धा र. 'आचार्यांचा सत्कार' आणि 'आचाऱ्यांचा सत्कार' यांत गुरू कोण आणि स्वयंपाकी कोण, हे त्या एका र वर ठरते. इनस्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट दाबून र उमटवला की खाली टिंब असलेला ऱ मिळतो. त्याला हलन्त देऊन य जोडला की आपला अर्धचंद्री र तयार होतो.

चौथी तार क्रमाची, आणि ती आम्हा गाणाऱ्यांची. मला आनंद झाला तो इथे. भातखंडे पद्धतीला हव्या असलेल्या बहुतेक खुणा युनिकोडच्या देवनागरी घरात आधीच आहेत, आणि त्या आल्या आहेत वेदपठणासाठी. अनुदात्ताची आडवी रेघ आपल्या कोमलाला चालते. उदात्ताची उभी रेघ तीव्र मध्यमाला चालते. तार सप्तकाला अनुस्वाराचे टिंब, मंद्राला नुक्त्याचे. ही रेघ मग झूल राहत नाही. ती अक्षराच्या अंगचीच होते आणि मजकूर कोठेही नेला तरी बरोबर जाते. मात्र क्रम पाळावा लागतो: आधी व्यंजन, मग नुक्ता, मग काना-मात्रा-वेलांटी, मग अनुस्वार, आणि सर्वांत शेवटी रेघ. क्रम चुकला की काही कार्यक्रम त्या खुणेखाली टिंबाटिंबांचे एक गोल वर्तुळ काढतात. ते दिसले की समजावे, पाहुणा चुकीच्या दाराने आला. शिवाय फॉन्टात या वैदिक खुणा आहेत की नाहीत, हे आधी पाहावे, सर्वांत नसतात. आणखी एक गंमत: र खाली नुक्ता दिला की तो मंद्र रिषभही होतो आणि मराठीचा ऱ देखील, संगणकाच्या लेखी दोन्ही एकच.

इतके झाले तरी एका धोक्याला यंत्राचा इलाज नाही. माझ्या वडिलांच्या पाचांपैकी दोन वह्या पलुस्कर पद्धतीच्या आहेत. त्या पद्धतीत स्वरावरचे टिंब म्हणजे मंद्र, आणि तार सप्तकाला उभी रेघ. भातखंडे पद्धतीत तेच टिंब म्हणजे तार! पाचही वह्यांना एकच नियम लावला, तर दोन वह्यांतल्या चिजा तळघरातून गच्चीवर जातील. म्हणून प्रत्येक पानाच्या माथ्यावर पद्धतीचे नाव छापण्याचे आम्ही ठरवले आहे.

दोष सापडला, आता सुधारणेचे बोलू. कार्यक्रम करणाऱ्या मंडळींकडे माझी मागणी चार गोष्टींची आहे. देवनागरी किंवा कन्नड अक्षर दिसताच योग्य जुळारी आपण होऊन कामाला लागावा. त्याला हाक मारण्याची पाळी मुद्रकावर येऊ नये. एखादी खूण फॉन्टात नसेल, तर ती मुकाट्याने न गाळता तसे स्पष्ट सांगावे. एका मात्रेतील स्वरांखाली जी चंद्रकोर काढतात, ती त्या स्वरांनाच बांधलेली असावी आणि स्वर सरकले तर तीही सरकावी. आणि एकाच ओळीत मराठी व कन्नड आली, तर दोहोंचा फॉन्ट आणि उंची यांचा मेळ एकदाच ठरवून ठेवता यावा. आमच्याकडच्या संगीतसभेच्या पत्रिकेवर दोन्ही लिप्या लागतात. कुमार गंधर्वांचा जन्म १९२४ साली बेळगावजवळच्या सुळेभावीचा, घरचे नाव कोमकळी. अशा गवयाचे नाव एका लिपीत ठसठशीत आणि दुसरीत मुंगीएवढे छापणे बरे दिसत नाही.

मागणी कोणी ऐकत नाही, असे अण्णा म्हणतात. मला तसे वाटत नाही. स्क्रायबस नावाचा पानांच्या मांडणीचा विनामूल्य कार्यक्रम आहे. त्यात अरबी नीट जुळत नव्हती, म्हणून ओमानमधील काही जाणकारांनी ते काम अंगावर घेतले, आणि २०१७ साली निघालेल्या १.५.३ या चाचणी-आवृत्तीत ती सोय आली. जानेवारी २०२४ च्या १.६ या स्थिर आवृत्तीतही ती आहे. नड अरबीची होती, पण त्याच दाराने देवनागरी आणि कन्नडही आत आल्या. शेजाऱ्याने विहीर खणली, पाणी आपल्याही आडाला लागले.

मात्र तक्रार करण्याचीही एक तालीम आहे. "सर, गाणे जमत नाही," असे सांगणाऱ्या विद्यार्थ्याला मी काय शिकवणार? "अंतऱ्याच्या तिसऱ्या मात्रेवर रिषभ चढतो," असे जो म्हणतो, त्याचे अर्धे काम झालेले असते. तसेच इथे. कार्यक्रमाची आवृत्ती कोणती, फॉन्ट कोणता, दोष दाखवणारा लहानात लहान शब्द कोणता, काय दिसायला हवे होते आणि काय दिसले, एवढे पाच मुद्दे आणि दोन चित्रे. आठ पानांची फाईल पाठवून "मराठी बिघडते" असे लिहिल्यास ती कोणी उघडतही नाही. बेळगावच्या एका संगणक-जाणत्या मित्राच्या मदतीने मी एका 'ग'वर तार सप्तकाचे टिंब आणि कोमलाची रेघ देऊन असे टिपण पाठवले आहे. उत्तर यायचे आहे.

तोवर जुन्या घरांतील मंडळींना एक विनंती. माडीवरच्या ट्रंकेत आजोबांची किंवा आत्याबाईंची चिजांची वही असेल, तर ती छापायला देण्यापूर्वी तिच्या प्रत्येक पानाचे स्वच्छ छायाचित्र काढून ठेवा. खुणा कोणत्या पद्धतीच्या आहेत ते जाणत्याला विचारून वहीच्या बाहेर लिहून ठेवा. मजकूर युनिकोडमध्येच टाईप करवून घ्या. आणि प्रूफ आले की ते डोळ्यांनी तपासू नका. डोळा गळालेली रेघ मनाने भरून काढतो. घरातल्या, ती चीज न येणाऱ्या मुलाला पेटीवर बसवा आणि कागदावर आहे तेवढेच वाजवायला सांगा. प्रत्येक पानावर बिलावलच वाजू लागला, तर छपाई तेथेच थांबवावी. वहीतला राग मुळातच बिलावल असेल, तर गोष्ट निराळी.