वेगवान चेंडूची शिवण

यवतमाळ, पुसद किंवा वणीच्या मैदानावर संध्याकाळी जो चेंडू टाकला जातो, तो बहुधा टेनिसचा असतो. तो स्वस्त, आणि त्याने शेजाऱ्यांची तावदाने सहसा फुटत नाहीत. त्याचे वजन जेमतेम ५८ ग्रॅम. क्रिकेटचा खरा चेंडू मात्र १५६ ते १६३ ग्रॅमचा, म्हणजे जवळजवळ पावणेतीनपट. शिवाय त्याच्या मध्यावर उंचवट्याची शिवण असते. सारी गंमत या शिवणीत आहे.

वणीच्या कोळसा खाणी तुम्हाला ठाऊक आहेतच. नागपूरजवळच्या अशाच एका खाणीतील कामगाराचा मुलगा उमेश यादव विशीपर्यंत टेनिसच्या चेंडूवरच खेळत होता. २००८ मध्ये तो विदर्भाकडून रणजी सामना खेळला आणि २०११ मध्ये विदर्भाचा पहिला कसोटीपटू झाला. वेग त्याच्याजवळ होताच. ताशी १४० किलोमीटर वेगाचा चेंडू फलंदाजापर्यंत अर्ध्या सेकंदाच्या आत पोचतो. पण चेंडू सरळच आला, तर चांगला फलंदाज तेवढ्या वेळातही तो खेळून काढतो. चेंडू हवेत वळावा लागतो.

तो वळतो कसा? शिवण सुमारे २० अंशांनी स्लिपकडे कलती धरून चेंडू टाकला, असे समजा. शिवणीच्या बाजूने जाणारी हवा उंचवट्यावर अडखळते आणि तिच्यात खळबळ माजते. नवल असे, की ही खळबळलेली हवाच चेंडूला अधिक काळ चिकटून राहते व मागे उशिरा सुटते. गुळगुळीत बाजूची हवा लवकर सुटते. परिणामी चेंडूमागची हवा एका अंगाला ढकलली जाते, आणि न्यूटनच्या तिसऱ्या नियमाप्रमाणे चेंडू दुसऱ्या अंगाला, म्हणजे स्लिपकडे सरकतो. टेनिसच्या चेंडूवर सगळीकडे सारखीच लव असल्यामुळे हे साधत नाही.

अट एकच : शिवण वाटेत डगमगता कामा नये. त्यासाठी चेंडू सोडताना बोटांनी त्याला उलटी फिरकी द्यावी लागते. फिरता भोवरा जसा कलंडत नाही, तशी फिरत्या चेंडूची शिवण स्थिर राहते. हे मनगटाचे काम आहे, आणि ते शिकवायला जाणता माणूस लागतो.

नागपूरच्या अकादमीत असा माणूस होता. पाटण्याचे सुब्रतो बॅनर्जी जानेवारी १९९२ मध्ये सिडनीला आपली पहिली कसोटी खेळले. मार्श, टेलर आणि मार्क वॉ असे तीन मोहरे त्यांनी टिपले. शेन वॉर्नचीही ती पहिलीच कसोटी; त्याला एकच बळी मिळाला, तोही १५० धावा देऊन. वॉर्न पुढे ७०८ बळींपर्यंत पोचला. बॅनर्जींना दुसरी कसोटी मिळालीच नाही! खेळ असा हिशेब ठेवतो खरा. पण ते पुढे प्रशिक्षक झाले, आणि यादवने त्यांच्याकडे धडे घेतले. यादवच्या नावावर १७० कसोटी बळी आहेत.

प्रशिक्षकाचे आणखी एक काम असते, ते म्हणजे चेंडू मोजणे. वेगवान गोलंदाजाचा पुढचा पाय जमिनीवर आदळतो, तेव्हा शरीराच्या वजनाच्या कित्येक पट जोर त्यावर येतो. त्याच क्षणी कंबर वाकते आणि पिळलीही जाते. तुमच्या वयात मणक्याची हाडे पुरती पक्की झालेली नसतात. एखादी तार वारंवार वाकवली की तुटते, तसा कमरेच्या मणक्याला बारीक तडा जातो. तो साध्या क्ष-किरण चित्रात पुष्कळदा दिसतही नाही. म्हणून इंग्लंडच्या क्रिकेट मंडळाने १५ वर्षांखालील वेगवान गोलंदाजांना सलग ६ आणि दिवसभरात १२ षटकांची मर्यादा घालून दिली.

आपल्याकडे शाळेचा एकमेव वेगवान गोलंदाज सकाळी सामन्यात, दुपारी सरावात आणि संध्याकाळी गल्लीत टाकत राहतो. क्रीडाशिक्षकांनी तीनही ठिकाणचे चेंडू एकाच वहीत लिहावेत. कमरेच्या एकाच बाजूला, गोलंदाजी करताना वाढणारे दुखणे आठवडाभर राहिले, तर चेंडू खाली ठेवून डॉक्टरांकडे जावे.