एंटर दाबण्याआधी

युनिक्सच्या टर्मिनलमध्ये ‘आरएम’ लिहून पुढे फाइलचं नाव दिलं आणि एंटर दाबलं की फाइल जाते. ती कुठल्या कचरापेटीत जाऊन पडत नाही. बॅकअप नसेल तर गेली ती गेली. सर्व्हर सांभाळणाऱ्यांना हे फार लवकर कळतं आणि एंटर दाबण्याआधी क्षणभर थांबणं अंगवळणी पडतं. त्या क्षणात शेल डोळ्यांपुढे काय ठेवतं, यावरून मी त्याची पारख करतो. झी शेल माझ्या रोजच्या कामात टिकलं ते त्यामुळेच.

आपण टाइप केलेली ओळ वाचून तिचा अर्थ लावणारा आणि हवा तो प्रोग्रॅम सुरू करून देणारा प्रोग्रॅम म्हणजे शेल. ‘आरएम’पुढे तारा, म्हणजे `*`, दिला की ‘सगळ्या फाइल्स’ असा अर्थ होतो, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण हा अर्थ ‘आरएम’ला कळत नाही. तारा उलगडतं ते शेल. ते डिरेक्टरीत डोकावतं, जुळणारी नावं गोळा करतं आणि ती यादी ‘आरएम’च्या हाती देतं. ‘आरएम’ मुकाट्याने यादीतलं एकेक नाव पुसत जातं. म्हणजे काय पुसायचं हे ठरतं शेलमध्येच, आणि चूक अडवायची तर तिथेच अडवावी लागते.

डिस्क भरलेल्या सर्व्हरचं उदाहरण घ्या. लॉगच्या डिरेक्टरीत आत आणखी डिरेक्टऱ्या, त्यांच्या आत आणखी. त्यांतल्या महिन्याहून जुन्या आणि 100 एमबीपेक्षा मोठ्या फाइल्स शोधायच्या आहेत. एरवी यासाठी ‘फाइंड’ ही वेगळी कमांड तिच्या लांबलचक पर्यायांसह लिहावी लागते. झी शेलमध्ये `**/*` लिहिलं की आतल्या सगळ्या पातळ्या आल्या. त्याला जोडून कंसात अटी घालायच्या. टिंब म्हणजे फक्त साध्या फाइल्स, तिरकी रेघ म्हणजे फक्त डिरेक्टऱ्या. छोटा ‘एम’ आणि +30 म्हणजे 30 दिवसांहून जुन्या. मोठा ‘एल’, छोटा ‘एम’ आणि +100 म्हणजे 100 एमबीहून मोठ्या. मोठा ‘ओ’ आणि मोठा ‘एल’ लिहिले तर सगळ्यात मोठी फाइल आधी येते, आणि चौकटी कंसात `[1,10]` घातलं तर पहिल्या दहाच हाती लागतात. कंसातल्या या अटींना ग्लॉब क्वालिफायर म्हणतात.

खरी गंमत यानंतर आहे. ‘आरएम’पुढे हे सगळं लिहून मी एंटर दाबत नाही, टॅब दाबतो. तारे आणि कंस नाहीसे होतात आणि त्यांच्या जागी खऱ्या फाइल्सची नावं ओळीत येऊन बसतात. ‘आरएम’ अजून चाललेलं नसतं. मी नावं वाचतो. कालचा हिशेब अजून ज्या फाइलवर अवलंबून आहे ती यादीत दिसली, तर कर्सर तिथवर नेऊन नाव खोडतो. यादीच चुकीची वाटली, तर कंट्रोल आणि अंडरस्कोअर दाबून मूळ ओळ परत आणतो. चेकवर रक्कम आकड्यात लिहून झाल्यावर अक्षरातही लिहावी लागते, तसाच हा प्रकार: जे घडणार आहे ते एकदा पूर्ण उच्चारून पाहायचं.

ही सावधगिरी झी शेलमध्ये ठिकठिकाणी दिसते. ‘आरएम’पुढे नुसता तारा दिला, तर काही बदल न करताही ते विचारतं की या डिरेक्टरीतल्या सगळ्या फाइल्स खरंच पुसायच्या का. एक सेटिंग चालू केलं तर या प्रश्नानंतर दहा सेकंद काहीही टाइप केलं तरी ते ऐकत नाही. सवयीने दाबलेला ‘वाय’ वाया जातो. एखाद्या ताऱ्याला एकही फाइल जुळली नाही, तर बॅश हे दुसरं शेल एरवी तो तारा तसाच कमांडकडे ढकलतं. झी शेल कमांड चालवतच नाही, जुळणारं काही सापडलं नाही असं सांगून थांबतं.

नावातल्या मोकळ्या जागेचंही तसंच. ‘सातबारा उतारा’ अशा नावाची फाइल व्हेरिएबलमध्ये ठेवली आणि अवतरणचिन्हं विसरली, तर जुनी शेलं तिचे ‘सातबारा’ आणि ‘उतारा’ असे दोन तुकडे करतात. झी शेल आपणहून असे तुकडे करत नाही.

फाइल्सची नावं घाऊक बदलण्यासाठी ‘झेडएमव्ही’ आहे. ‘ऑटोलोड’ने ते आधी बोलावून घ्यावं लागतं. मग जुन्या नावाचा साचा आणि नव्या नावाचा साचा द्यायचा. सोबत ‘एन’ हा पर्याय दिला तर कुठलं नाव काय होणार याची यादी फक्त दिसते, फाइलला हात लागत नाही. दोन फाइल्सना एकच नवं नाव मिळणार असेल, तर ते काम सुरूच करत नाही.

टॅबची पूर्तता इतरही शेलांत असते, पण इथली पूर्तता कमांड ओळखून चालते. ‘किल’नंतर टॅब दाबला तर चालू प्रोसेसची यादी येते, ‘सीडी’नंतर फक्त डिरेक्टऱ्या, ‘गिट चेकआउट’नंतर ब्रँचेस. ‘एलएस’पुढे आडवी रेघ देऊन टॅब दाबला, तर प्रत्येक पर्याय त्याच्या अर्थासह दिसतो. मॅन्युअल उघडायची गरज पुष्कळदा तिथेच संपते.

पॉल फॉलस्टॅड यांनी प्रिन्स्टन विद्यापीठात शिकत असताना 1990 मध्ये हे शेल लिहिलं. कॉर्न शेल आणि सी शेल यांतल्या चांगल्या गोष्टी त्यांनी उचलल्या. पुढे स्वयंसेवकांनी ते वाढवलं. 2019 मध्ये मॅकच्या कॅटलिना आवृत्तीपासून ॲपलने नव्या खात्यांसाठी हेच शेल ठेवलं. तोवर मॅकवर बॅशची 3.2 ही 2006 सालची आवृत्ती होती. आज मॅकवर टर्मिनल उघडणाऱ्या बहुतेकांसमोर झी शेलच असतं. पण पुष्कळजण त्याच्याकडून रंगीत प्रॉम्प्टपलीकडे काही मागत नाहीत.

त्याच्या मर्यादाही खऱ्या आहेत. अ‍ॅरेची मोजणी बॅशमध्ये शून्यापासून होते, इथे एकपासून. त्यामुळे बॅशसाठी लिहिलेली स्क्रिप्ट इथे जशीच्या तशी चालेलच असं नाही. अनेक सर्व्हरांवर झी शेल बसवलेलंही नसतं. म्हणून दुसऱ्यांच्या मशिनवर चालायच्या स्क्रिप्ट मी साध्या ‘एसएच’मध्येच लिहितो, आणि हाताने करायच्या कामासाठी झी शेल ठेवतो. प्लगिनांचा भरणा केला तर टर्मिनल उघडायलाच वेळ लागतो. त्यातली बरीचशी नसली तरी काही अडत नाही.

नव्याने शिकणाऱ्यांना मी थीम आणि रंग सुचवत नाही. आधी एकच सवय लावा म्हणतो: पुसणाऱ्या किंवा हलवणाऱ्या कुठल्याही ओळीत तारा असेल, तर टॅब दाबून तो उलगडा, नावं वाचा, मगच एंटर दाबा. घाईच्या कामात या वाचनाला काही सेकंद लागतात. बॅकअपमधून एक फाइल परत आणायला अख्खी दुपार जाते, आणि बॅकअप नसेल तर ती दुपारही उपयोगाची नसते.