स्थान आणि वाट : दिशादर्शक यंत्राची निवड व वापर



आयुष्यभर मराठी शिकविलेल्या माणसाने उपग्रहांच्या आधारे चालणाऱ्या यंत्राविषयी बोलावे, याचे आपणांपैकी काहींना नवल वाटेल. परंतु हा विषय शब्दांचाही आहे. आपल्या भाषेत ‘स्थान’ आणि ‘वाट’ हे दोन वेगळे शब्द आहेत, आणि जीपीएसविषयीचे पुष्कळसे गैरसमज या दोहोंची गल्लत झाल्यामुळे होतात. आपण कोठे आहोत, हे यंत्र बहुधा अचूक सांगते. कोणीकडून जावे, हे मात्र नकाशा सांगतो. आणि नकाशा हे माणसांनी गोळा केलेल्या माहितीचे संकलन असते. ती माहिती जुनी असेल, अपुरी असेल, तर उत्तम यंत्रही वाट चुकवील. एवढा भेद ध्यानी धरून आपण यंत्राची निवड व वापर यांचा विचार करू.

प्रथम स्थान कसे कळते ते पाहू. अमेरिकेच्या जीपीएस यंत्रणेचा पहिला उपग्रह १९७८ साली सोडण्यात आला आणि १९९५ साली ती पूर्णपणे कार्यान्वित झाली. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरणारे हे उपग्रह आपले ठिकाण आणि आपली वेळ अखंड कळवीत असतात. आपल्या हातातील यंत्र केवळ ऐकते. संदेश पोहोचण्यास लागलेल्या वेळेवरून ते त्या उपग्रहाचे अंतर काढते. आणि अशी चार उपग्रहांची अंतरे मिळाली, की अक्षांश, रेखांश, उंची व अचूक वेळ ही चार उत्तरे हाती येतात. यातील घड्याळाचे काम किती नाजूक आहे पाहा : सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली तर अंतर ३०० मीटरने चुकते. म्हणून प्रत्येक उपग्रहावर आण्विक घड्याळे असतात. मे २००० पर्यंत अमेरिका नागरी वापराच्या संकेतांत हेतुपुरस्सर अशुद्धी मिसळीत असे. ती थांबल्यानंतर मोकळ्या आकाशाखाली साधे यंत्रही पाचेक मीटरांच्या आत स्थान सांगू लागले. भारताने २०१३ पासून स्वतःच्या यंत्रणेचे उपग्रह सोडण्यास आरंभ केला, आणि २०१६ साली तिला ‘नाविक’ हे अर्थपूर्ण नाव मिळाले.

आता वाटेकडे वळू. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्याला निघालेले बिहारमधील एक कुटुंब मोबाइलमधील नकाशाच्या सांगण्यावरून हमरस्ता सोडून आपल्या शेजारच्या खानापूर तालुक्यातील भीमगडच्या अरण्यात शिरले. फोनला तेथे संपर्क मिळेना. मोटारीतच रात्र काढून, पुढे काही किलोमीटर चालून गेल्यावर संपर्क मिळाला. ११२ या क्रमांकावर दूरध्वनी केल्यावर पोलिसांनी त्यांची सुटका केली. त्या वेळी त्यांचे स्थान यंत्राला ठाऊक असणारच. वाट मात्र मोटारीच्या उपयोगाची नव्हती.

याहून दुःखद घटना जानेवारी २०२१ मधील आहे. पुण्याकडून कळसूबाईला निघालेली एक मोटार रात्रीच्या अंधारात अकोले तालुक्यात कोतूळजवळ पिंपळगाव खांड धरणाच्या पाण्यात गेली. दोघे बाहेर पडले. चालक मात्र दगावला. त्या मार्गावरील पूल वर्षातील काही महिने पाण्याखाली असतो. गावकऱ्यांना हे ठाऊक होते, नकाशाला नव्हते. मराठीत वाट बुजते, मोडते, पावसाळ्यात बंद होते. ‘मळलेली वाट’ आणि ‘आडवाट’ असा भेद आपण करतो. नकाशावर मात्र या सर्व वाटा एकाच रेषेने काढलेल्या असू शकतात. तेव्हा ज्या रस्त्यावर समोरून एकही वाहन येत नाही, जो अरुंद होत जातो किंवा पाण्यात उतरतो, तेथे थांबावे, गाडीतून उतरून पाहावे आणि माणसाला विचारावे. माणूस न भेटल्यास आलो त्या वाटेने परतावे.

यंत्र कोणते घ्यावे? जे केवळ पक्क्या रस्त्यांनी मोटार चालवितात, त्यांना वेगळे यंत्र घेण्याची सहसा गरज नाही. हातातील फोन पुरेसा आहे. त्यासाठी समोरच्या काचेजवळ घट्ट बसणारी, दृष्टीआड न येणारी बैठक आणि गाडीत चालणारा चार्जर मात्र हवा. जे डोंगरांत पायी हिंडतात, त्यांनी हातात धरावयाच्या स्वतंत्र यंत्राचा विचार करावा. ते पाण्यात भिजले तरी टिकावे. ओल्या हातांनी चालविता येतील अशी बटणे त्याला असावीत. उन्हात पडदा वाचता यावा. आणि बॅटरी बदलण्याची सोय असावी, कारण खेडेगावच्या दुकानातही साधे सेल मिळतात. जीपीएसबरोबरच रशियाची ग्लोनास, युरोपची गॅलिलिओ यांसारख्या इतर यंत्रणांचेही संकेत घेणारे यंत्र दरीत अधिक भरवशाचे ठरते, कारण तेथे आकाशाचा तुकडाच लहान असतो. ‘नाविक’ची सोय असल्यास ती जोड समजावी, केवळ तिच्यावर विसंबू नये.

येथे परदेशस्थ माजी विद्यार्थ्यांना एक सूचना देणे अगत्याचे वाटते. नुसते संकेत ऐकणारे यंत्र ही एक गोष्ट, आणि उपग्रहाद्वारे संदेश पाठविणारे यंत्र ही निराळी गोष्ट. दुसऱ्या प्रकारचे यंत्र सरकारी परवान्याविना भारतात आणणे व वापरणे हा गुन्हा ठरतो. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या विमानतळावर अशा उपकरणांवरून परदेशी प्रवाशांवर कारवाई झाली होती. सह्याद्रीत हिंडण्याच्या हौसेने येणाऱ्यांनी ते यंत्र घरीच ठेवावे.

आता वापराविषयी. फोनला संपर्क नसला तरी स्थान कळते. नाहीसा होतो तो नकाशा, कारण बहुधा तो चालता चालता इंटरनेटवरून येत असतो. म्हणून निघण्यापूर्वी घरीच त्या भागाचा नकाशा फोनमध्ये उतरवून ठेवावा. संपर्क नसलेल्या प्रदेशात फोन विमान-प्रवासाच्या स्थितीत ठेवल्यास बॅटरी पुष्कळ वाचते आणि बहुतेक फोनांत स्थान कळणे चालूच राहते. डोंगराच्या पायथ्याशी गाडी उभी केल्याबरोबर त्या जागेची खूण साठवावी आणि चढताना मागाची नोंद चालू ठेवावी. धुके उतरल्यावर तोच माग परत आणतो. उंच कड्यांवरून परावर्तित झालेले संकेत व भिजलेली दाट झाडी यांमुळे स्थान काही काळ भरकटते, हेही जाणून असावे.

यंत्राने दाखविलेले सरळ रेषेतील अंतर हे कावळ्याचे अंतर असते. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर उभे राहिले, तर पायथ्याचे गाव थोड्याच किलोमीटरांवर दिसेल. पण मध्ये सरळसोट कडा आहे. अंतरावरून वेळेचा अंदाज बांधणे डोंगरात घातक ठरते. उंचीचा आकडाही आडव्या स्थानापेक्षा कमी विश्वसनीय असतो.

अंश आणि कला यांची गफलत आणखी वाईट. १५ अंश २७ कला म्हणजे दशांशात १५.४५ अंश. कोणी तेच १५.२७ असे लिहिले, तर ठिकाण सुमारे वीस किलोमीटर दक्षिणेला सरकते. मदत मागताना ही चूक जिवावर बेतू शकते. म्हणून आकडे कोणत्या पद्धतीचे आहेत ते स्पष्ट सांगावे आणि समोरच्याकडून परत म्हणून घ्यावेत.

नावांच्या बाबतीत तर भाषेच्या माणसाला बोलणे भागच आहे. आपल्या रायापूरचेच पाहा. एका कान्याचा विसर पडला, की यंत्र आपणांस छत्तीसगडच्या राजधानीची वाट दाखवू लागेल! खानापूर तालुका बेळगाव जिल्ह्यात आहे, तसा सांगली जिल्ह्यातही आहे. १ नोव्हेंबर २०१४ पासून हुबळीचे हुब्बळ्ळी आणि बेळगावचे बेळगावी झाले. नकाशांत, पाट्यांवर आणि लोकांच्या तोंडी यांतील कोणतेही रूप भेटू शकते. म्हणून गावाच्या नावापुढे तालुका व जिल्हा लिहावा, आणि निघण्यापूर्वी संपूर्ण मार्ग एकवार डोळ्यांखालून घालावा. एकूण अंतर अपेक्षेपेक्षा फार निघाले, तर नाव चुकले असे समजावे.

गाडी चालविताना फोन हातात घेऊ नये. ऑक्टोबर २०२० पासून लागू झालेल्या नियमानुसार चालकाला मार्ग पाहण्यापुरताच, आणि तोही लक्ष विचलित न होता, फोन वापरण्यास मुभा आहे. ठिकाण आधी भरावे, सूचना कानांनी ऐकाव्यात. शेजारी कोणी बसले असेल, तर नकाशा त्याच्याकडे सोपवावा.

आपल्याकडे पूर्वी डोंगराची वाट सांगावयास वाटाड्या बरोबर घेत. त्याला अक्षांश ठाऊक नसत. परंतु कोणता ओढा कोणत्या महिन्यात उतरू देत नाही, हे तो जाणत असे. यंत्राने वाटाड्याचे अर्धे काम घेतले आहे आणि ते उत्तम केले आहे. उरलेले अर्धे काम अजून माणसांकडे आहे : वाटेवरच्या गावकऱ्याकडे, चहाच्या टपरीवर बसलेल्या वृद्धाकडे, वनखात्याच्या नाक्यावरील पहारेकऱ्याकडे. खिशात यंत्र जरूर असावे. आणि ‘दादा, हा रस्ता पुढे जातो का?’ असे विचारण्यास संकोच वाटू नये.