वावाची दोरी आणि गोदेची मुखे

बीड जिल्ह्याची उत्तर सीमा बहुतांशी गोदावरीच आखते. गेवराई-माजलगावच्या गंगथडीला तिला गंगाच म्हणतात. मंजरथला सिंदफणा तिला मिळते. पावसाळ्यात नदी दुथडी भरते, उन्हाळ्यात डोहापुरती उरते. १० ऑगस्ट १७६३ रोजी राक्षसभुवनला मराठ्यांशी झालेल्या लढाईत निजामाचे अर्धे सैन्य पुरापलीकडे अडकले आणि अलीकडे त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर मारला गेला. उतार कुठे, डोह कुठे, हे ज्ञान तेव्हा नावाड्यांच्या डोक्यात होते.

कागदावर ही नदी प्रथम बारकाईने उतरली ती समुद्राच्या टोकाकडून. धवळेश्वरमजवळ तिचे फाटे फुटतात. गौतमी यानमकडे जाते, वसिष्ठा नरसापूरकडे, आणि वसिष्ठेतून पुढे वैनतेया निघते. अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्रज सर्वेक्षक मायकेल टॉपिंगने या किनाऱ्याची मोजणी केली. १७९४ साली मद्रासला सर्वेक्षणाची शाळा सुरू झाली तीही त्याच्याच पुढाकाराने.

खोली मोजण्याचे साधन साधे होते: शिशाचा गोळा बांधलेली दोरी. गोळ्याच्या बुडाला खळगा आणि त्यात चरबी. दोरीवरच्या खुणांवरून खोली वावात कळे. एक वाव म्हणजे पसरलेल्या दोन हातांएवढे अंतर, सुमारे सहा फूट. चरबीला वाळू चिकटली की चिखल, यावरून नांगर धरेल की नाही ते ठरे. डोळ्यांना न दिसणारा तळ हाताला दाखवणारी ही युक्ती खरोखर विलक्षण आहे.

पण तळ स्थिर नव्हता. एका पुराने वाळूचे दांडे सरकत आणि जुना आकडा फसवा ठरे. गोदेच्या मुखाजवळचे कोरिंगा बंदर गाळानेही मागे पडले.

इंग्रज अभियंता आर्थर कॉटनने १८४७ ते १८५२ या काळात धवळेश्वरमचा बंधारा बांधला. त्याच्या कालव्यांतून शेतीला पाणी मिळाले आणि नावाही चालल्या. मग वऱ्हाड-वर्ध्याचा कापूस नदीतून समुद्रापर्यंत नेण्याची योजना निघाली. हा मार्ग सिरोंच्याजवळ प्राणहितेकडे वळत होता, त्यामुळे बीडची गोदावरी त्यात आलीच नाही. वाटेत खडकांचे तीन मोठे अडथळे होते: दुम्मागुडेम, इंचमपल्ली आणि प्राणहितेवरचा देवलमरी. पूर ओसरला की खडक उघडे पडत, आणि पूर असताना ओघ आवरत नसे. बंधारे बांधून नि कालवे काढून हे अडथळे टाळायचे, तर खर्च वाढतच गेला. तेवढ्यात १८६७ साली रेल्वे नागपूरला पोचली आणि कापसाला मुंबईची वाट मिळाली. १८७१ साली कामे थांबवण्यात आली. दुम्मागुडेमचा बंधारा उभा राहिला. वर्ध्यापर्यंतची नियमित जलवाहतूक कधीच सुरू झाली नाही.