शिधा भरपूर, पोट अर्धे

मोहिमेवरच्या अमेरिकी सैनिकाला दिवसाला तीन पाकिटे मिळतात, प्रत्येकी सुमारे १२५० कॅलरींची. तरी गडी वाळूनच परततो! पाकीट फोडायचे, आवडेल तेवढे खायचे, उरलेले टाकायचे. गार अन्न, तेच ते पदार्थ, निवांत बसायला सवड नाही. लष्कराच्या विनंतीवरून १९८२ मध्ये नेमलेल्या तज्ज्ञ समितीने १९९५ च्या अहवालात याच दुखण्यावर बोट ठेवले. समितीचे काम प्रयोग करण्याचे नव्हते. झालेले संशोधन पारखायचे आणि पुढे काय शोधायचे ते सुचवायचे. सल्लागार लष्कराबाहेरचे, हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. २००१ मध्ये समितीने जागरणाने थकलेल्या जवानांसाठी १०० ते ६०० मिलिग्रॅम कॅफीन उपयुक्त ठरवले. च्युइंगममधून ते गोळीपेक्षा लवकर रक्तात उतरते.