लिस्कोव्ह प्रतिस्थापन तत्त्व

लिस्कोव्ह प्रतिस्थापन तत्त्व हे ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रॅमिंगमध्ये एका क्लासने दुसऱ्याचा वारसा केव्हा घ्यावा, याविषयीचे तत्त्व आहे. मूळ प्रकार गृहीत धरून लिहिलेल्या आज्ञावलीत त्याऐवजी उपप्रकाराचे ऑब्जेक्ट ठेवले, तरी तिच्या अपेक्षा मोडता कामा नयेत, असे हे तत्त्व सांगते.

अमेरिकन संगणकशास्त्रज्ञ बार्बरा लिस्कोव्ह यांनी ही कल्पना १९८७ साली ऊप्स्ला परिषदेतील भाषणात मांडली. १९९४ मध्ये त्यांनी जेनेट विंग यांच्यासह तिला काटेकोर रूप दिले. ‘सॉलिड’ या नावाने परिचित असलेल्या पाच रचनातत्त्वांतील ‘एल’ हे अक्षर याच तत्त्वाचे होय.

== आयत आणि चौरस ==
भूमितीत प्रत्येक चौरस हा आयत असतो. म्हणून ‘चौरस’ क्लासला ‘आयत’ क्लासचा वारसा देणे स्वाभाविक वाटते. मात्र आयताची लांबी व रुंदी स्वतंत्रपणे बदलता येते. लांबी ५ आणि नंतर रुंदी ४ केल्यास क्षेत्रफळ २० होईल, असे आयत वापरणारी आज्ञावली धरून चालते. चौरसाला दोन्ही बाजू समान ठेवाव्या लागत असल्याने तेथे उत्तर १६ येते. चूक नव्या क्लासमध्ये असते, पण ती उघड होते जुन्या, आजवर बिनचूक चाललेल्या भागात. त्यामुळे ती शोधणे कठीण जाते. दोष भूमितीचा नाही. बाजू एकदा ठरल्यावर बदलताच येत नसतील, तर हाच वारसा निर्दोष ठरतो.

== वर्तनाचा करार ==
उपप्रकाराने मूळ प्रकारापेक्षा कडक पूर्वअटी घालू नयेत आणि मूळ प्रकाराने दिलेली हमी कमी करू नये. मेथडची नावे व प्रकार जुळले तरी एवढ्याने हा करार पाळला जातो असे नाही. कंपायलर बहुधा तेवढेच तपासतो.

जावा भाषेतील अ‍ॅरे हे याचे ठळक उदाहरण आहे. तेथे स्ट्रिंगचा अ‍ॅरे हा ऑब्जेक्टच्या अ‍ॅरेचा उपप्रकार मानला जातो. अशा अ‍ॅरेत पूर्णांक ठेवू पाहणारी आज्ञावली कंपायलर मान्य करतो, पण ती चालवताना ‘अ‍ॅरेस्टोअरएक्सेप्शन’ ही त्रुटी येते. २००४ मध्ये जावा ५ सोबत जेनेरिक्स आले, तेव्हा सूचींसाठी ही मोकळीक ठेवली गेली नाही: स्ट्रिंगची सूची ही ऑब्जेक्टच्या सूचीचा उपप्रकार नाही. अ‍ॅरेचा नियम मात्र जुन्या आज्ञावलींसाठी तसाच कायम आहे.