एका श्रद्धेची कादंबरी

मराठी विषय घेऊन पदवी परीक्षेला बसणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला एक ओळ तोंडपाठ असते : मराठीतील पहिली स्वतंत्र कादंबरी 'यमुनापर्यटन', लेखक बाबा पदमनजी, साल १८५७. एका गुणाचा प्रश्न आणि एका ओळीचे उत्तर. विद्यार्थी असताना ही ओळ लिहून मी तो एक गुण मिळवला. पुढे प्राध्यापक झाल्यावर तीच ओळ फळ्यावर लिहून कित्येक वर्षे इतरांना तो मिळवून दिला.

एके वर्षी मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली आणि तिने विचारले, "सर, त्या यमुनेचं पुढे काय होतं?"

मी घड्याळाकडे पाहिले. तास संपायला पाच मिनिटे होती. 'एवढ्या वेळात सांगण्यासारखे ते नाही,' असे काहीतरी बोलून मी वेळ मारून नेली. खरे कारण निराळे होते. मी ती कादंबरी वाचलेलीच नव्हती.

त्या दिवशी ग्रंथालयातून पुस्तक घरी आणले आणि दोन रात्रींत वाचून काढले. मग बाबांचे आत्मचरित्र 'अरुणोदय' वाचले. आपण इतकी वर्षे केवढ्या मोठ्या गोष्टीची एक ओळ करून ठेवली होती, हे तेव्हा कळले. ती गोष्ट एका माणसाच्या श्रद्धेची आहे, आणि त्या श्रद्धेतून जन्मलेल्या कादंबरीचीही आहे.

बेळगावचा मुलगा

बाबा पदमनजी यांचा जन्म १८३१ साली बेळगाव येथे एका कासार कुटुंबात झाला. वडील सरकारी नोकरीत होते. घर धार्मिक, आणि मुलगाही मुळातच भाविक वृत्तीचा. 'अरुणोदय' वाचताना ही गोष्ट प्रथम डोळ्यांत भरते. धर्मांतर करणारा माणूस मुळात अश्रद्ध असावा, किंवा कशाच्या तरी लोभाने गेला असावा, अशी आपली एक सोयीस्कर समजूत असते. बाबांच्या बाबतीत ती साफ खोटी ठरते. लहानपणापासून देवाधर्माचे त्यांना अतोनात वेड होते, आणि ते वेडच त्यांना स्वस्थ बसू देत नव्हते. देव मानायचा तर तो जीव तोडून मानायचा आणि त्याच्याविषयी सत्य काय ते शोधूनच काढायचे, हा त्यांचा पिंड. उपासनेचा मार्ग पुढे बदलला, पण हा पिंड बदलला नाही.

शिक्षण आधी बेळगावच्या मिशन शाळेत आणि नंतर मुंबईस झाले. मुंबईत डॉ. जॉन विल्सन यांच्या फ्री चर्च संस्थेत ते शिकले. आजच्या विल्सन महाविद्यालयाचा उगम याच परंपरेत आहे. नारायण शेषाद्री यांच्यासारखे धर्मांतरित विद्वान त्या वर्तुळात होते. १८४२ पासून अहमदनगरहून निघणारे 'ज्ञानोदय' बाबा आवडीने वाचीत. तो काळच असा होता की एकेका पुस्तकाने, एकेका व्याख्यानाने माणसाच्या पायाखालची जमीन हलत असे.

पडद्याआडचे सुधारक

याच मुंबईत १८४९ च्या सुमारास परमहंस सभा निघाली. दादोबा पांडुरंग तर्खडकर हे तिचे प्रमुख. मराठी व्याकरणकार म्हणून आपण त्यांना ओळखतो. जातिभेद मानायचा नाही, मूर्तिपूजा करायची नाही, ईश्वर एक मानायचा, ही सभेची तत्त्वे. ज्या पावाचा तुकडा तोंडात गेला तर तेव्हा जात बाटत असे, तो पाव खाऊन सभासद व्हायचे. तरुण बाबा या सभेत सामील झाले.

परंतु सभेची एक अट होती : हे सारे गुप्त राहिले पाहिजे. रात्री सर्व जातींनी एकत्र बसून पाव खायचा आणि सकाळी आपापल्या घरी सोवळे नेसून पूजेला बसायचे! पुढे १८६० च्या सुमारास सभासदांच्या नावांची यादी चोरीस गेली, तेव्हा सभा पाहता पाहता मोडली.

या सभासदांना आपण भ्याड म्हणावे काय? मला तसे म्हणवत नाही. उघडपणाची किंमत काय असे, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. १८४३ साली नारायण शेषाद्रींनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत हाही मिशनऱ्यांकडे राहिला होता. न्यायालयाने त्या अल्पवयीन मुलास बापाच्या हवाली केले. पण त्याला प्रायश्चित्त देऊन ज्ञातीत परत घ्यावे की नाही यावरून मुंबईत केवढा गदारोळ उठला! बाळशास्त्री जांभेकरांसारखा थोर माणूस मुलाच्या बाजूने उभा राहिला, तर त्यालाही जातभाईंचा रोष पत्करावा लागला. एका पोराच्या जेवणापाण्यावरून ही स्थिती. मग प्रौढाने उघड पाऊल टाकले तर घर, ज्ञाती, पाणवठा, लग्नकार्य, सगळेच तुटणार!

बाबांना ही गुप्तता मानवली नाही. मनात एक आणि जनात एक, असे किती दिवस जगायचे, हा प्रश्न त्यांना पोखरत राहिला. अखेर १८५४ साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी, त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तोही मुंबईच्या गर्दीत नव्हे, तर आपल्याच बेळगावात, जेथे प्रत्येक ओळखीचा माणूस बोट दाखवणार होता तेथे. त्यानंतर तीनच वर्षांनी 'यमुनापर्यटन' प्रसिद्ध झाले.

यमुनेचा प्रवास

पुस्तकाचे पूर्ण नाव 'यमुनापर्यटन अथवा हिंदुस्थानातील विधवांच्या स्थितीचे निरूपण'. नावातच हेतू सांगून टाकला आहे. यमुना ही मिशन शाळेत शिकलेली मुलगी. तिचा नवरा विनायक हाही नव्या शिक्षणात वाढलेला, तिच्याच विचारांचा. दोघांची ख्रिस्तावर श्रद्धा बसली आहे, पण बाहेर कोणाला ते उघडपणे सांगत नाहीत. पतिपत्नी प्रवासाला निघतात. वाटेत ठिकठिकाणी विधवा भेटतात, त्यांच्या कहाण्या ऐकायला मिळतात. कोणाचे बळेने केशवपन झालेले, कोणी घरातल्याच माणसाच्या वासनेला बळी पडलेली, कोणी दासीसारखी राबणारी. पुढे विनायकाचाच मृत्यू होतो. आजवर दुसऱ्यांच्या कहाण्या ऐकून डोळे पुसणारी यमुना स्वतःच त्यांतली एक होते. आता तिच्याही केसांवर वस्तरा फिरवायला आप्तेष्ट उभे राहतात. ती त्या जाचातून बाहेर पडते, उघडपणे ख्रिस्ती होते आणि एका ख्रिस्ती गृहस्थाशी पुनर्विवाह करते.

मागच्या बाकावरच्या त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर हे असे होते.

कादंबरी म्हणून तिचे दोष लपवण्यात अर्थ नाही. कथानक सैल आहे. कहाण्या एका दोऱ्यात ओवल्यासारख्या एकापुढे एक येतात. पात्रे मध्येच थांबून उपदेश करू लागतात, आणि हिंदू आचारविचारांवरची टीका कित्येक ठिकाणी एकांगी व बोचरी आहे. ती वाचताना मला स्वतःला अनेकदा राग आला, हे कबूल करतो. घरातल्या म्हाताऱ्या माणसांचे देव, त्यांची व्रते यांच्यामागे काही कोमल असू शकते, हे बाबांनी त्या वयात फारसे पाहिले नाही. ज्या घरातून आपण दुःखाने बाहेर पडलो, त्या घराकडे पाहताना माणसाची नजर करडी होते.

पण राग ओसरल्यावर पुस्तकातल्या बायका मनातून जात नाहीत. त्या बायकांचे बोलणे खरे आहे. ओटीवर, विहिरीवर, स्वयंपाकघराच्या उंबरठ्यावर बायका जशा बोलतात तसे ते आहे. आणि हे कधी, तर १८५७ साली! पुढची कितीतरी वर्षे आपल्या कादंबऱ्या 'मुक्तामाले'सारख्या अद्भुतरम्य कथांत रमल्या होत्या. विधवाविवाहाचा कायदा होऊन तेव्हा जेमतेम एक वर्ष झाले होते. मुंबईत ज्याने खळबळ उडवली तो ब्राह्मण पुनर्विवाह १८६९ साली लागला, म्हणजे या कादंबरीनंतर बारा वर्षांनी. जे समाजाने अजून पाहिले नव्हते ते बाबांनी पुस्तकात लावून दाखवले होते.

प्रचार की कळकळ?

आपल्याकडे या कादंबरीवर एक शिक्का बसला आहे : ती प्रचारकी आहे. शिक्का खोटा नाही. प्रश्न एवढाच, की विधवांचे दुःख बाबांनी प्रचारासाठी वापरले, की त्या दुःखाला उत्तर शोधताना ते या धर्मापाशी पोहोचले?

याचे उत्तर त्यांच्या ग्रंथांच्या सालांत मिळते. 'स्त्रीविद्याभ्यास निबंध' हे त्यांचे स्त्रीशिक्षणाचा पुरस्कार करणारे पुस्तक १८५२ सालचे, म्हणजे बाप्तिस्म्याच्या दोन वर्षे आधीचे. बायकांविषयीची कळकळ आधीची, धर्मांतर नंतरचे. ती कळकळ त्यांनी नव्या धर्मात सोबत नेली.

आणि दुसरी गोष्ट मला त्याहून महत्त्वाची वाटते. या कादंबरीत विधवांच्या दुःखाइतकाच आणखी एक विषय आहे, तो म्हणजे मनातली श्रद्धा उघड करावी की झाकून ठेवावी. यमुना आणि विनायक हे गुप्त श्रद्धावंत आहेत. घरात एक आणि दारात एक अशी त्यांची रीत आहे. परमहंस सभेच्या त्या रात्रींतून आलेल्या माणसाशिवाय हे जोडपे कोण रंगवणार? विनायक आपली श्रद्धा उघड करतो तो मृत्यूच्या दारात. यमुनेला ते धैर्य येते सर्वस्व गेल्यावर. आपण स्वतः तेविसाव्या वर्षी जे पाऊल टाकले, ते इतरांना किती जड जाते, हे बाबा विसरले नव्हते. उपदेशाच्या पानांमागे एका भ्यालेल्या आणि भीतीवर मात केलेल्या तरुणाचा आवाज ऐकू येतो. आत्मचरित्र वाचल्यावर तो मला स्पष्ट ऐकू आला.

शब्दांचा सेवक

पुढचे आयुष्य त्यांनी याच श्रद्धेला वाहिले. पुण्याच्या मिशन शाळेत ते शिक्षक होते, नंतर तेथील फ्री चर्चचे पाळक झाले आणि पुढे ख्रिस्ती वाङ्मय छापणाऱ्या संस्थांसाठी लेखन-संपादन करीत राहिले. 'सत्यदीपिका'सारखी नियतकालिके चालवली, नव्या करारावर मराठीत टीका लिहिली. लहानमोठी मिळून शंभरावर पुस्तके त्यांच्या नावावर आहेत.

मराठी भाषेवर मात्र त्यांचा एक निराळाच उपकार आहे. मोल्सवर्थच्या प्रचंड कोशाची दुसरी आवृत्ती १८५७ साली, 'यमुनापर्यटना'च्याच वर्षी, निघाली. तो कोश सामान्य विद्यार्थ्याला घेता येण्यासारखा नव्हता. बाबांनी त्याचा आटोपशीर संक्षेप तयार केला आणि तो १८६३ साली प्रसिद्ध झाला. त्या काळच्या शाळकरी पोरांच्या हाती मराठी शब्दांचा अर्थ पोहोचवण्याचे हे काम त्यांनी केले. ज्यांचे देव त्यांनी सोडले त्यांची भाषा त्यांनी सोडली नाही, उलट आयुष्यभर तिच्या सेवेत राहिले. हे आपण ध्यानात घेत नाही. रेव्हरंड टिळकांना आणि लक्ष्मीबाईंना महाराष्ट्राने पुढे आपले म्हटले, ते योग्यच झाले. पण ख्रिस्ती मराठी साहित्याची ती वाट मळण्यापूर्वी बाबा तिच्यावरून बहुतेक एकटेच चालून गेले होते. २९ ऑगस्ट १९०६ रोजी त्यांचे निधन झाले.

दुसरी यमुना

'यमुनापर्यटना'नंतर तेहेतीस वर्षांनी, १८९० साली, हरिभाऊ आपट्यांच्या 'करमणूक' साप्ताहिकातून 'पण लक्षात कोण घेतो!' क्रमशः येऊ लागली. तिची नायिकाही यमूच. तीही नवऱ्यावर जीव लावणारी, नव्या विचारांची, लिहायला शिकलेली. तिचाही नवरा जातो. आणि तिच्या डोक्यावरून मात्र वस्तरा फिरतोच. महाराष्ट्र तिच्यासाठी रडला, अजून रडतो.

हरिभाऊंची कला बाबांच्या कितीतरी वर आहे, यात वाद नाही. पण वर्गात आता मी या दोन यमुना शेजारी शेजारी उभ्या करतो. एकीला लेखकाने वाट काढून दिली, पण त्या वाटेसाठी घरदार आणि धर्म सोडायला लावला. दुसरीला घरातच ठेवले आणि तिचा अंत झाला. पहिल्या लेखकाजवळ उत्तर होते, म्हणून त्याचे पुस्तक प्रचार ठरले. दुसऱ्याजवळ फक्त प्रश्न होता, म्हणून त्याचे पुस्तक थोर ठरले. साहित्याच्या दृष्टीने हा निवाडा बरोबर असेलही. पण वस्तऱ्याखाली बसलेल्या बाईला त्या घटकेला प्रश्न हवा असतो की दार, हे मी विद्यार्थ्यांना विचारतो. वर्ग बराच वेळ गप्प राहतो.

बाबांचे उत्तर मला पटले पाहिजे असे नाही. माझी श्रद्धा माझ्याजवळ आहे. परंतु दुसऱ्याच्या दुःखाला उत्तर दिल्याशिवाय ज्या श्रद्धेला झोप येत नाही, ती कोणत्याही धर्माची असो, तिच्यापुढे मान लवते.

तो प्रश्न विचारणारी मुलगी त्याच वर्षी परीक्षा देऊन निघून गेली. तिला उत्तर सांगायचे राहून गेले. फळ्यावर ती ओळ मी आजही लिहितो, कारण परीक्षेत तो एक गुण अजून आहे. पण ती लिहून झाल्यावर आता घड्याळाकडे पाहत नाही. खडू खाली ठेवतो आणि सांगू लागतो, की यमुना नावाची एक मुलगी होती.